शंभर रुपयांतले चौसष्ट पैसे

८ डिसेंबर २०२३ ची सकाळ. दादाची ट्रॉली आदल्या संध्याकाळीच भरून, ताडपत्री बांधून अंगणात उभी होती. लाल कांदा होता, नोव्हेंबरअखेरच्या गारपिटीतून वाचलेला. पहाटे निघून बाजार समितीत नंबर लावायचं ठरलेलं. तेवढ्यात दिल्लीहून आदेश येऊन धडकला: ३१ मार्च २०२४ पर्यंत कांद्याची निर्यात बंद. सकाळी जिल्ह्यातले लिलाव थांबले, चांदवडला शेतकऱ्यांनी मुंबई-आग्रा महामार्ग अडवला. दादा रस्त्यावर गेला नाही. ताडपत्री सोडून तो कांद्याला वारा लागू देत बसला, कारण ओला लाल कांदा झाकून ठेवला की आतून गरम होतो आणि मग एकेक करून सुटत जातो.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं, सासर पुण्यात. त्यामुळे कांदा मला दोन्हीकडून कळतो. माहेरी तो क्विंटलमध्ये बोलतात, पुण्यात किलोत. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी पुण्यात कांदा सत्तर-ऐंशीच्या घरात गेला होता. सोसायटीत त्यावरून रोज बोलणं व्हायचं आणि आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी अर्धा किलोऐवजी पाव किलो घ्यायला लागल्या होत्या. मावशींची ती अडचण खरी होती. दादाच्या बाजूनं बोलताना मी ती कधीच बाजूला टाकत नाही. तरीही एक प्रश्न माझ्या मनातून जात नाही. महाग कांद्याची दखल काही आठवड्यांत घेतली जाते आणि स्वस्त कांद्याची वर्षानुवर्षं घेतली जात नाही, हे कसं?

याचं एक उत्तर पिकातच आहे. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो, चाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर मांडवात जातो, दिवाळीपर्यंत टिकतो. भाव पडला तर शेतकरी निदान थांबू शकतो. लाल कांद्याला थांबायची सोय नसते. पाणी जास्त, पापुद्रा पातळ. काढल्यापासून दोन-तीन आठवड्यांत विकला नाही तर उकिरड्यावर जातो. बंदी आली ती नेमकी लाल कांद्याच्या ऐन आवकेत. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत भाव निम्म्याहून खाली गेले. आदेश काढणाऱ्याला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. आवक जोरात असताना बंदी घातली तर शहरातले भाव लगेच उतरतात, आणि लगेच उतरायला हवे होते. लोकसभेची निवडणूक चार-पाच महिन्यांवर होती.

लिलाव कसा होतो हे ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ट्रॅक्टर आणि पिकअप रांगेनं उभे असतात. व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीपाशी येतो. कुणी वर हात घालून चार कांदे काढतो, मान दाबून बघतो, एखादा फोडतो, आणि पुकारा सुरू होतो. तेराशे, तेराशे पन्नास, चौदाशे, चौदाशे दहा... मिनिटभरात पावती फाटते आणि घोळका पुढच्या ट्रॉलीकडे. पाच-सहा महिन्यांच्या कष्टाचं मोल मिनिटभरात ठरतं, आणि ते ठरताना ज्याचा माल असतो तो ट्रॉलीशेजारी हात बांधून उभा असतो. पुढे व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल खाली करताना आतला कांदा वरच्यासारखा निघाला नाही तर पुन्हा घासाघीस. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला ५१२ किलो कांद्याचे हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाऊन दोन रुपये काही पैसे हातात आले होते. ती बातमी देशभर गाजली. त्यावर सरकारनं क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केलं, कमाल २०० क्विंटलपर्यंत. अनुदानासाठी सातबाऱ्यावर पिकाची नोंद लागत होती, आणि ती नोंद नसलेल्यांची धावपळ उन्हाळाभर चालली.

आता दुसरी बाजू. ग्राहक किंमत निर्देशांकाच्या २०१२ पायाभूत वर्षाच्या मालिकेत कांद्याचा भार ०.६४ टक्के होता. म्हणजे सरासरी कुटुंबाच्या शंभर रुपयांच्या खर्चात कांद्याचे चौसष्ट पैसे. घरभाडं, शाळेची फी, दवाखाना, पेट्रोल या सगळ्यांपुढे ही रक्कम इतकी लहान आहे की हिशेबाच्या वहीत ती दिसणारही नाही. तरी शाळेची फी वाढली म्हणून सरकार पडल्याचं मी ऐकलेलं नाही. कांद्यानं ते झालंय.

१९९८ चं दिल्ली हे याचं उदाहरण सगळ्याच पक्षांच्या मनात पक्कं बसलेलं आहे. त्या वर्षी कांदा चाळीस, पन्नास, साठ असा चढत गेला. ऑक्टोबरमध्ये भाजपनं मुख्यमंत्री बदलून सुषमा स्वराज यांना आणलं. नोव्हेंबरमध्ये मतदान झालं आणि ७० पैकी ५२ जागा काँग्रेसला गेल्या, भाजपकडे १५ उरल्या. त्या पराभवाला कारणं आणखीही होती. पण पुढाऱ्यांच्या लक्षात कांदाच राहिला. १९८० मध्ये इंदिरा गांधींच्या प्रचारातही कांद्याचा भाव होताच. तेव्हापासून दिल्लीत कुणाचंही सरकार असो, घाबरण्याची पद्धत एकच आहे.

फी वर्षातून एकदा भरावी लागते, कांदा आठवड्यातून दोनदा घ्यावा लागतो. त्याचा भाव प्रत्येक घराला तोंडपाठ असतो. तो महिन्याभरात दुप्पट होतो, त्यामुळे रोष साठायला वेळ लागत नाही. वाहिन्यांना मंडईत कॅमेरा लावला की पाच मिनिटांत बातमी मिळते. आणि मुख्य म्हणजे हा रोष देशाच्या सगळ्या मतदारसंघांत एकाच वेळी असतो. उलट कांदा पडल्याचं दुःख नाशिक, नगर, पुणे, सोलापूर, धुळे अशा मोजक्या जिल्ह्यांत आणि बाहेरच्या काही पट्ट्यांत. देशातला तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कांदा महाराष्ट्र पिकवतो, पण ५४३ खासदारांत कांद्यामुळे ज्याची झोप उडावी असे किती? हाताच्या बोटांवर मोजावेत इतके.

पुस्तकी समज याच्या उलट आहे. थोड्या लोकांचं मोठं नुकसान आणि पुष्कळ लोकांचं लहानसं नुकसान यांत थोडे लोक जिंकतात, कारण ते एकत्र येतात, असं राज्यशास्त्रवाले सांगतात. उसाच्या बाबतीत हे अगदी बरोबर आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाखाली उसाला किमान दर ठरतो, २००९ पासून त्याला रास्त आणि किफायतशीर दर म्हणतात, आणि ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे देणं कारखान्याला बंधनकारक आहे. तरी पैसे थकतात, आंदोलनं होतात, पण भांडायला हातात कायदा आहे. उसाला हे मिळालं त्यामागे कारखाना आहे. कारखान्याला सभासद असतात, सभासदांची यादी असते, यादीवर निवडणूक होते, निवडून आलेला चेअरमन पुढे आमदार होतो, मंत्री होतो. ऊस उत्पादकाचं मत कुठे आहे आणि कुणाच्या हातात आहे हे पुढाऱ्याला गट नंबरासकट माहीत असतं. कांद्याच्या शेतकऱ्याला असं काही नाही. तो ट्रॉली घेऊन एकटा येतो, पावती घेऊन एकटा जातो.

शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी नेमकं हेच ओळखलं होतं. चाकणच्या कांद्यापासून त्यांनी सुरुवात केली, १९८० मध्ये निफाड-पिंपळगाव पट्ट्यात ऊस-कांद्याचं आंदोलन पेटलं, रस्ते आणि रेल्वे बंद पडल्या. वडील तेव्हा तरुण होते. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा आमच्या घरात देव्हाऱ्यातल्या आरतीइतकी पाठ आहे. संघटनेनं शेतकऱ्याला रस्त्यावर आणलं, सरकारला दखल घ्यायला लावली. पुढे संघटनेतल्या लोकांनी मतं मागितली तेव्हा मात्र तोच शेतकरी जातीकडे, भावकीकडे, कारखान्याकडे, पक्षाकडे वळला. आंदोलनात तो शेतकरी म्हणून उतरला होता. मतदान केंद्रावर पोचला तेव्हा त्याच्यासोबत बाकीचं सगळं होतं. यात त्याला दोष द्यावासा मला वाटत नाही.

उसाच्याच फडात त्याच्याही खालची एक पायरी आहे. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून लाखो माणसं दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. २०२४ ची विधानसभा २० नोव्हेंबरला झाली, म्हणजे बरोबर टोळ्या हलण्याच्या दिवसांत. मत गावात, माणूस पाचशे किलोमीटरवरच्या फडात. जिथे राबतात तिथे त्यांना मत नाही आणि जिथे मत आहे तिथे ते अर्धं वर्ष नाहीत. २०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भाशयं काढण्याचा प्रश्न बाहेर आला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि विषय पुन्हा मागे पडला. त्या बायकांचं दुखणं चौसष्ट पैशांपेक्षा किती मोठं आहे हे काय सांगायला हवं! पण त्यांच्या रोषानं कुणाची जागा जात नाही.

कांद्याकडे परत येते. २०२० मध्ये केंद्रानं जूनमध्ये अध्यादेश काढून कांदा जीवनावश्यक वस्तूंच्या रोजच्या बंधनांतून मोकळा केला. सप्टेंबरमध्ये ते विधेयक संसदेत आलं. १४ सप्टेंबरला निर्यातबंदीचा आदेश निघाला आणि दुसऱ्या दिवशी लोकसभेनं विधेयक मंजूर केलं. एकाच आठवड्यात कायदा शेतकऱ्याला मोकळीक देत होता आणि आदेश ती काढून घेत होता. बिहारचं मतदान ऑक्टोबरअखेरीस सुरू व्हायचं होतं. १ जानेवारी २०२१ ला बंदी उठली. आदल्या वर्षीही २९ सप्टेंबरला बंदी आली होती, आणि तेव्हा तर महाराष्ट्राचंच मतदान २१ ऑक्टोबरला होतं. हे कसं बसतं, असं कुणी विचारेल. माझ्या मते त्याचं उत्तर चाळीत आहे. सप्टेंबरअखेर लहान शेतकऱ्याचा उन्हाळ कांदा बहुतेक विकून झालेला असतो, उरतो तो मोठ्या शेतकऱ्यांकडे आणि व्यापाऱ्यांकडे. दुखावले जाणारे थोडे, आणि दसरा-दिवाळीच्या तोंडावर सुखावणारे मुंबई, ठाणे, पुण्यात पुष्कळ. विधानसभेच्या २८८ पैकी ८१ जागा मुंबई, ठाणे, पालघर आणि पुणे एवढ्याच पट्ट्यात आहेत. पुढच्या पुनर्रचनेत शहरांचा वाटा वाढेल, घटणार नाही.

२०२३-२४ ला मात्र हे गणित फसलं. बंदी मार्चमध्ये संपायची होती, ती पुढच्या आदेशापर्यंत वाढवली. एप्रिलच्या शेवटी गुजरातच्या २००० टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाली आणि नाशकात लोक भडकले. लगेच ९९,१५० टनांच्या निर्यातीची घोषणा झाली. ४ मे रोजी बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलरचं किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के निर्यात शुल्क ठेवूनच. दिंडोरी आणि नाशिकचं मतदान २० मे रोजी होतं. दिंडोरीत भाजपच्या केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार यांचा विरोधी आघाडीच्या भास्कर भगरे यांनी एक लाखाहून अधिक मतांनी पराभव केला, नाशिकमध्ये त्याच आघाडीचे राजाभाऊ वाजे निवडून आले. कांद्यानं फटका दिला हे तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनीही उघडपणे मान्य केलं. निकालाच्या रात्री दादाचा फोन आला तेव्हा त्याच्या आवाजात मी कित्येक वर्षांत न ऐकलेलं काहीतरी होतं. आपली कुणीतरी दखल घेतली, असं त्याला वाटत होतं.

घेतलीही. १३ सप्टेंबर २०२४ ला किमान मूल्य काढलं, शुल्क निम्म्यावर आणलं. डिसेंबरमध्ये विनवण्या करून जे झालं नाही ते विधानसभेच्या दोन महिने आधी झालं.

आणि तरीही नोव्हेंबरमध्ये नाशिक जिल्ह्यातल्या १५ पैकी १४ जागा सत्ताधारी महायुतीला गेल्या.

हे कोडं मी वहिनीकडून समजून घेतलं. ती लपवाछपवी करणारी बाई नाही. तिनं सरळ सांगितलं, मी बहिणीच्या पैशाला मत दिलं. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जूनअखेरच्या अर्थसंकल्पात जाहीर झाली, ऑगस्टमध्ये राखी पौर्णिमेच्या आसपास पहिले दोन हप्ते जमा झाले आणि मतदानापर्यंत दीड हजाराप्रमाणे साडेसात हजार रुपये खात्यात आले. वहिनी म्हणाली, “ताई, कांद्याचा पैसा मी कधी बघितलाच नाही. चाळ मी निवडते, सडका मी वेचते, बारीक गोल्टी मी वेगळी करते, माझ्या हाताचा वास आठ-आठ दिवस जात नाही. पावती यांच्या नावाची, खातं यांचं, गावच्या सोसायटीचं कर्ज यांचं. भाव आला तर कर्ज फिटतं, नाही आला तर फिटत नाही. माझ्या हातात दोन्ही वेळी काही येत नाही. हा पैसा माझ्या नावानं आला.”

तिला उत्तर देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं, आणि उत्तर द्यायची गरजही नव्हती. ऑगस्टमध्ये चाळ फोडताना मी तिच्याशेजारी बसलेली आहे. वरचं पाचट काढलं की आधी तो कोंदट, आंबूस वास येतो. मग एकेक कांदा हातात घ्यायचा. काजळी धरलेला इकडे, कोंब फुटलेला तिकडे, मान मऊ पडलेला टाकून द्यायचा. वरून टणक दिसणारा कांदा बोटाखाली अचानक दबतो आणि पाणी मनगटावर ओघळतं. भरताना शंभर क्विंटल असलेली चाळ फोडताना सत्तरच्या आसपास भरली तरी बरं म्हणतात. या कामाची मजुरी वहिनीला कुणी दिलेली नाही. दीड हजारांनी तिला पहिल्यांदा स्वतंत्र मतदार म्हणून मोजलं. विरोधी आघाडीनंही याला पर्याय म्हणून तीन हजारांचंच आश्वासन दिलं होतं, वेगळा विषय काढला नव्हता. पुढाऱ्यांना तिचं मत कुठे आहे ते सापडलं होतं. त्या महिन्यांत कांद्याचे भावही चढे होते, त्यामुळे मे महिन्यातला राग ओसरला होता, हेही खरं.

मग २०२५ उजाडलं. निवडणूक संपली होती. उरलेलं २० टक्के शुल्क १ एप्रिलपासून निघालं, तोवर भाव घसरायला लागले होते. उन्हाळ कांदा पाण्याच्या भावानं गेला. आंदोलनं झाली, निवेदनं गेली. कुणी चांदवडला धावून आलं नाही, कुणी तातडीचा आदेश काढला नाही. कुणाची जागा धोक्यात नव्हती.

याचा अर्थ निवडणुकाच वाईट, असा काढणारे लोक मला भेटतात, विशेषतः शहरात. त्यांना मी आमच्या जिल्हा परिषदेची गोष्ट सांगते. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली, ओबीसी आरक्षण आणि गटरचनेच्या वादात निवडणूक अडकली आणि प्रशासक बसला. २०२२ गेलं, २०२३ गेलं, २०२४ गेलं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निवडणुका घ्यायला सांगितलं, तरी ते वर्षही जिल्हा परिषदेच्या मतदानाशिवाय गेलं. या काळात आमच्या शिवारातल्या रस्त्यासाठी, आरोग्य उपकेंद्रातल्या रिकाम्या जागेसाठी, शाळेच्या गळक्या खोलीसाठी कुणाकडे जायचं हेच कळेना. पूर्वीचा सदस्य काम करायचाच असं नाही, पण त्याला चहाच्या टपरीवर गाठता यायचं, चार माणसांत बोलता यायचं आणि तो ऐकून घ्यायचा, कारण पुढच्या वेळी त्याला दारात यायचं होतं. अधिकाऱ्याला दारात यायचं नसतं, तो बदलून जातो. मताची भीती विषय वाकडे करते हे मी वर सांगितलंच. ती भीती अजिबात नसली की विषयच निघत नाहीत, हे आम्ही त्या वर्षांत पाहिलं.

म्हणून मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. काही कामांना निवडणुकीची तारीख कधीच जुळत नाही. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचा ‘कृषक’ प्रकल्प दोन दशकांहून जास्त काळ उभा आहे. विकिरणानं, म्हणजे किरणांचा ठरावीक मारा करून, कांद्याला कोंब फुटणं थांबतं हे तिथे सिद्ध झालेलं आहे. पण विकिरणाच्या जोडीला शीतगृहं लागतात, वीज लागते, सामुदायिक साठवण लागते, आणि ते उभं करायला पाच वर्षं पुरत नाहीत. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयानं भीमा शक्ती, भीमा किरण यांसारखे वाण दिले, चाळीचे सुधारित आराखडे दिले. साठवणीतली नासाडी दहा टक्क्यांनी जरी कमी झाली तरी दादाला अनुदानाच्या रांगेत उभं राहावं लागणार नाही आणि मावशींना पाव किलो घ्यावा लागणार नाही. दोघांच्याही भल्याचं हे काम आहे, आणि त्यावर मी आजवर एकही प्रचारसभा ऐकलेली नाही. सरकारसाठी कांदा घेणाऱ्या नाफेडच्या खरेदीवर ऐकल्या आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लावल्यावर लिलाव बंद पडले, तेव्हा क्विंटलला २४१० रुपयांनी दोन लाख टन खरेदीची घोषणा दोन-तीन दिवसांत झाली. घोषणा दोन दिवसांत होते, शीतगृहाची साखळी होत नाही. नाफेडनं घेतलेला तो कांदा पुढे शहरांत स्वस्तात विकला जातो, म्हणजे शेतकऱ्याच्या नावानं होणारी ती खरेदी शेवटी त्याचाच भाव पाडायला वापरली जाते, हा आमच्याकडचा जुना आक्षेप आहे आणि मला तो पटतो.

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये पुण्यात आमच्या सोसायटीत एका उमेदवाराची बैठक होती. टँकरचं पाणी, पार्किंग, भटकी कुत्री, मेट्रोचा फाटा, सगळे प्रश्न झाले. मी उठून विचारलं, की निर्यातबंदी घालायची असेल तर किमान महिनाभर आधी जाहीर करावी आणि तेवढ्या काळात विकल्या गेलेल्या मालाची भरपाई द्यावी, असा कायदा व्हावा यासाठी तुमचा पक्ष काय करणार? त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग अगदी सौम्यपणे म्हणाले, “ताई, हा आपल्या मतदारसंघाचा विषय नाही.” पाठीमागून कुणीतरी म्हणालं, अहो, कांदा पुन्हा महाग झालाय त्याचं बोला. मी म्हटलं, या इमारतीत असं एकही घर नाही जिथे आज कांदा चिरला गेला नाही, मग मतदारसंघाचा विषय कसा नाही? जुन्नरकडचे एक काका उठले आणि म्हणाले, बाई बरोबर बोलतायत, माझ्या भावाची चाळ आहे. बैठक पुढे पार्किंगवर गेली. पण नंतर खाली लिफ्टपाशी पाच-सहा जण थांबले. त्यांतल्या दोघांचं गाव कांद्याचं होतं, एकाचं सोयाबीनचं, एकाची बायको विदर्भातल्या कापसाच्या घरातली. शहरातली ही मतं कुणाच्या यादीत शेतीच्या खात्यावर लिहिलेली नाहीत. ती तशी लिहिली गेली तर दिंडोरीच्या खासदाराला दिल्लीत एकट्यानं ओरडावं लागणार नाही. लिफ्टपाशी थांबलेल्या लोकांचा एक लहानसा गट आम्ही केलाय, आणि पुढची बैठक कुणाचीही असो, हाच प्रश्न पुन्हा विचारायचा एवढं ठरवलंय.

दादाला हे सांगितलं तर तो म्हणाला, विचारा, पण तोवर मी काय लावू? लाल कांदा सोडून त्यानं मका केला. त्याचं म्हणणं, मक्याला इथेनॉलवाल्यांची मागणी आहे, कारखाने आहेत, आणि कारखान्यांचं ऐकणारी माणसं आहेत. मागच्या दाराजवळच्या दोन एकरांत उन्हाळ कांद्याचं उळं, म्हणजे रोपांसाठी बी, टाकायचं की नाही यावरून त्याचं आणि वहिनीचं बिनसलंय. तो म्हणतो, सगळ्यांनीच कांदा कमी केला तर भाव चढेल, आणि चढला की लगेच बंदी येईल. वहिनी म्हणते, बंदी येईल ती निवडणूक बघून येईल, आणि या उन्हाळ्यात कुठल्या राज्यात मतदान आहे ते आधी बघा. ती हे अगदी गंभीरपणे म्हणते. तिनं मोबाइलवर तारखा काढून ठेवल्या आहेत.